अडखळणाऱ्या मुलांचे गुण कापू नका

तोंडी परीक्षा घेणारे सर्व शिक्षक, परीक्षक आणि त्या परीक्षांचे नियम ठरवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी भाची अडखळत बोलते. मीही अडखळत बोलते. विज्ञानाच्या तोंडी परीक्षेआधी तिने संस्थेकडे रीतसर अर्ज केला होता. मला बोलायला वेळ लागतो, तेव्हा थोडा जादा वेळ मिळावा आणि अडखळण्यासाठी गुण कापले जाऊ नयेत, एवढेच त्यात लिहिले होते. उत्तर दोन ओळींचे आले. नियम सर्वांना सारखे आहेत. विद्यार्थिनीने आत्मविश्वास वाढवण्याकडे लक्ष द्यावे. परीक्षा झाली. 'अस्खलित बोलणे' आणि 'आत्मविश्वास' या दोन्ही रकान्यांत तिचे गुण गेले. विषयज्ञानाच्या रकान्यातही गेले. त्याचे कारण पुढे सांगते.

त्या संस्थेचे नाव इथे लिहीत नाही. एका संस्थेवर बोट ठेवले की बाकीच्यांना वाटते, हे आपल्याबद्दल नाही. प्रत्यक्षात हे दोन रकाने ठिकठिकाणच्या गुणतक्त्यांत आहेत, आणि ते तिथे का आहेत हे कोणी कोणाला विचारत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसाठी आहे.

आत्मविश्वास कमी म्हणून मूल अडखळते, हे तुमच्या उत्तराचे मूळ गृहीतक. ते चुकीचे आहे. अडखळणे बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षांदरम्यान सुरू होते. त्या वयाच्या मुलाला आत्मविश्वास गमावण्याइतके जग अजून दिसलेलेही नसते. साधारण 5 टक्के मुले लहानपणी कधी ना कधी या टप्प्यातून जातात. त्यांतल्या बहुतेकांचे अडखळणे पुढे सुटते, आणि मोठ्या माणसांपैकी सुमारे 1 टक्का लोकांत ते राहते. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत अशी दहाएक मुले असणार, मग ती तुमच्या लक्षात आलेली असोत वा नसोत. मुलींचे सुटण्याचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे मोठेपणी पुरुषांत ते बायकांच्या सुमारे चौपट आढळते. परिणामी जिचे सुटत नाही तिला 'मुली कुठे अशा बोलतात' हेही वर ऐकावे लागते. मी ऐकले आहे, भाचीही ऐकते.

ते रक्तातून येते, हेही आता नीट माहीत आहे. 2010 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतल्या संशोधकांनी अडखळण्याशी निगडित असे तीन जनुकांमधले बदल शोधून प्रसिद्ध केले. हे बदल थोड्याच लोकांत सापडतात, बाकीच्यांचे कारण अजून शोधले जात आहे. मेंदूच्या प्रतिमा पाहिल्या तर बोलण्याच्या हालचालींची वेळ आणि क्रम जुळवणाऱ्या भागांच्या जोडणीत फरक दिसतो. शब्द डोक्यात तयार असतो, पूर्ण, स्पष्ट, अर्थासकट. तो तोंडापर्यंत येताना वाटेत अडतो. कधी पहिला आवाज परत परत येतो, कधी तो लांबतो, आणि कधी काहीच बाहेर पडत नाही. आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो. ब्लॉकमध्ये घसा आवळतो, जबडा घट्ट होतो, डोळे मिटतात. समोर बसलेल्याला ती भीती वाटते किंवा अज्ञान वाटते. ते दोन्ही नसते.

तुमच्यातले काही जण म्हणतील, मग ती मैत्रिणींशी बोलताना कमी का अडखळते? 'काल तर छान बोलत होतीस' हे वाक्य अडखळणाऱ्या प्रत्येकाने ऐकले आहे. त्यात ढोंगाचा संशय असतो, आणि तो फार लागतो. अडखळणे दिवसागणिक, माणसागणिक, जागेगणिक बदलते. हाच त्याचा स्वभाव आहे. एकटे असताना, गाताना, इतरांबरोबर एका सुरात वाचताना बहुतेक जण जवळजवळ अडखळत नाहीत. घड्याळ लावलेले, समोर पेन घेऊन बसलेला अधिकारी माणूस, एकच संधी, आणि अमुकच शब्द म्हणायचा अशी सक्ती असली की ते सर्वात जास्त उफाळते. तोंडी परीक्षा म्हणजे या चारही गोष्टी एका खोलीत. तिथे दिसलेल्या अडखळण्यावरून तुम्ही मुलीच्या स्वभावाचे माप काढता.

आता तक्रारी. त्या साध्या आहेत आणि बऱ्याच जुन्या आहेत.

पहिली तक्रार नावाची. खोलीत पाऊल टाकताच तुम्ही विचारता, 'नाव सांग.' अडखळणाऱ्या माणसासाठी स्वतःचे नाव हा अनेकदा सगळ्यात अवघड शब्द असतो, कारण त्याला पर्याय नाही. बाकी कुठल्याही शब्दाला वळसा घालता येतो, नावाला येत नाही. मूल तिथेच अडकते, आणि परीक्षक हसून म्हणतो, 'नाव विसरलीस का?' त्याच्या मनात वाईट काही नसते, हे मला मान्य आहे. पण त्या हसण्यानंतर पुढची सगळी परीक्षा हातची जाते. नाव प्रवेशपत्रावर छापलेले असते, बैठक क्रमांक असतो, फोटो असतो. जे कागदावर समोर आहे ते तोंडाने वदवून घेण्याचे कारण काय?

दुसरी तक्रार विषयज्ञानाच्या गुणांची, आणि ही मला सर्वात गंभीर वाटते. भाचीला विचारले होते, झाडे अन्न कशी तयार करतात त्या क्रियेचे नाव काय. तिला 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द अर्थातच येतो, लेखी परीक्षेत तिने तो अनेकदा लिहिला आहे. त्या दिवशी 'प्र' वर ब्लॉक येणार हे तिला आधीच जाणवले. आम्हाला ते जाणवते, शब्द यायच्या दोन शब्द आधी. म्हणून तिने वळसा घेतला आणि म्हणाली, पानांत सूर्यप्रकाशाच्या मदतीने पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनते ती क्रिया. तुम्ही लिहिले, 'पारिभाषिक शब्द माहीत नाही.' पुढच्या दोन प्रश्नांना तिने सरळ 'माहीत नाही' सांगितले. उत्तरे तिला येत होती. ज्या खोलीत अडखळल्याचे गुण जातात तिथे 'माहीत नाही' हे दोन सोपे शब्द जास्त सुरक्षित वाटतात. तुमच्या तपासणीत मग एक हुशार मूल सामान्य ठरते, आणि हे तुमच्या लक्षातही येत नाही, कारण लपवणे यशस्वी झालेले असते.

जोसेफ शीहान हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अडखळत बोलायचे. त्यांनी अडखळण्याला हिमनगाची उपमा दिली. वर दिसते ते थोडे, पाण्याखाली भीती, शरम, अपराधी वाटणे आणि टाळाटाळ. 'अस्खलितपणा'चा रकाना पाण्यावरच्या भागाला दंड करतो. मूल तो भाग पाण्याखाली ढकलायला शिकते. वरून सुधारणा दिसते, आत वजन वाढत जाते. वर्गात हात वर न करणारी, फोन न उचलणारी, ऐच्छिक विषय निवडताना 'यात तोंडी परीक्षा आहे का' हे आधी बघणारी मुले अशीच तयार होतात.

तिसरी तक्रार उपचारांशी जोडलेली आहे आणि तुम्हाला बहुधा ठाऊक नसेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. भाची एका स्पीच थेरपिस्टकडे जाते. तिथे ती जे शिकते आहे त्याचा पाया चार्ल्स व्हॅन रायपर यांनी घातला. तेही स्वतः अडखळणारे होते. एक तंत्र असे की शब्दावर अडखळलात तर तो पूर्ण करा, मग मुद्दाम थांबा, घशातला ताण सोडा आणि तोच शब्द पुन्हा, सैलपणे म्हणा. ते जमले की दुसरे: ब्लॉक चालू असतानाच जोर न लावता त्यातून हळू बाहेर सरका. त्याच्यापुढचे तिसरे म्हणजे अवघड शब्द येताना दिसला की आधीच ओठ, जीभ, श्वास सैल ठेवून त्यात शिरा. चौथी गोष्ट ऐकायला विचित्र वाटते, पण तिचा उपयोग होतो. मुद्दाम, ठरवून, थोडेसे अडखळायचे, म्हणजे त्याची दहशत उतरते. या सगळ्यात अडखळणे थांबवण्याचा आटापिटा नाही. ते सोपे, कमी त्रासाचे करणे आहे, आणि न पळता बोलत राहणे आहे.

आता तुमचा गुणतक्ता बघा. मध्ये थांबल्यास गुण वजा. शब्द पुन्हा उच्चारल्यास गुण वजा. लय संथ असल्यास गुण वजा. तिचा थेरपिस्ट तिला जे करायला शिकवतो, नेमक्या त्याच गोष्टींना तुम्ही चूक मानता. महिनोन्महिन्यांच्या मेहनतीनंतर ती परीक्षेला येते आणि पाहते की इथे पुन्हा लपवालपवीच फायद्याची आहे. मग ती लपवते.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. अडखळणाऱ्याचा शब्द तुम्ही पूर्ण करता, आणि बरेचदा चुकीचा पूर्ण करता. मग आम्हाला आधी तुमचा शब्द खोडावा लागतो आणि मग आपला म्हणावा लागतो. 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'घाबरू नकोस' हे सल्ले प्रेमाने दिलेले असले तरी त्यांतून एकच निरोप पोचतो, की तू काय बोलतेस यापेक्षा कसे बोलतेस याकडे माझे लक्ष आहे. ब्लॉक आला की तुम्ही मान खाली घालून कागद चाळू लागता. आम्हाला अवघडू नये म्हणून तुम्ही तसे करता हे कळते. तरीही समोरचा बघेनासा झाला की बोलणारा एकटा पडतो.

आणि वगळणे. त्याबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण ते दयाळूपणाच्या नावाखाली होते. पाठ्यपुस्तकातला उतारा रांगेने वाचायला सांगतात आणि या मुलाची पाळी आली की बाई त्याच्या पुढच्याला उठवतात. गटाने प्रकल्प सादर करायचा असतो तेव्हा बोलायला बाकीचे, हिला तक्ता धरायला उभे करतात. गुण सगळ्यांना सारखे मिळतात, म्हणून पालकही तक्रार करत नाहीत. मला शाळेत असेच वगळले गेले. पाळी टळली की सुटल्यासारखे वाटायचे, आणि त्याच क्षणी समजायचे की माझ्याकडून कोणाची काही अपेक्षा नाही. त्या सुटकेची चटक लागते. ती सोडवायला मला पुढे फार वर्षे लागली.

मुलांच्या बोलण्यावर सतत नापसंतीचा शिक्का मारला तर काय होते, हे जगाने एकदा फार वाईट रीतीने पाहिले आहे. 1939 मध्ये अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन आणि त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर यांनी एका अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यांतल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगितले गेले की तुमचे बोलणे सदोष आहे, तुम्ही अडखळू लागला आहात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. ती मुले खरोखर अडखळणारी झाली का यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्यांच्यातली अनेक मुले बुजली, कमी बोलू लागली, शाळेत मागे पडली. हा प्रयोग 2001 मध्ये वृत्तपत्रातून उघड झाला, विद्यापीठाने माफी मागितली, आणि 2007 मध्ये आयोवा राज्याने पीडितांना 9 लाख 25 हजार डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले. तुम्ही कोणावर प्रयोग करत नाही, हे मी जाणते. पण 'नीट बोलता येईल तेव्हाच बोल' हा निरोप गुणपत्रिकेतून गेला तरी मुलावर तोच परिणाम करतो.

मला उदाहरणे ऐकवली जातात. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज बघ, त्यांनी मात केलीच ना? त्यांचीच गोष्ट घेऊ. 1926 पासून लायनल लोग हे तज्ज्ञ त्यांच्याबरोबर काम करत होते. 3 सप्टेंबर 1939 चे युद्धघोषणेचे भाषण आधी लिहून हातात होते. लोग राजांच्या भाषणांच्या कागदांवर कुठे थांबायचे याच्या खुणा करत आणि अवघड शब्द बदलत. प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या वेळी ते त्याच खोलीत होते. राजे थांबत थांबत बोलले आणि साऱ्या जगाने ते थांबे ऐकून घेतले. वेळ मिळाला, मदत मिळाली, शब्द निवडण्याची मुभा मिळाली, आणि ऐकणाऱ्यांनी घाई केली नाही. माझ्या भाचीने अर्जात यापेक्षा कमीच मागितले होते.

माझ्या स्वतःच्या अनुभवाबद्दल एवढेच सांगते. मी आजही अडखळते. कामानिमित्त लोकांसमोर बोलते, बैठका चालवते, फोन करते. हे जमू लागले तेव्हा माझे अडखळणे फारसे कमी झालेले नव्हते. बदलले ते असे की मी बोलायच्या सुरुवातीलाच सांगू लागले, 'मी अडखळत बोलते, एखाद्या शब्दाला वेळ लागेल, तेवढा थांबा.' हे एकदा सांगितले की लपवण्यात जाणारी सगळी ताकद मोकळी होते. समोरचाही सैलावतो, त्याला काय करायचे ते कळते. मग मी टाळलेले शब्द एकेक करून परत वापरायला घेतले, टाळलेले फोन करू लागले, अडखळणाऱ्या इतरांच्या गटात जाऊन बसू लागले. तिथे पहिल्यांदा कळले की ब्लॉकमध्ये असतानाही समोरच्याच्या डोळ्यांत बघता येते. आत्मविश्वास मला असा मिळाला, अडखळत असताना. तो आधी दाखव मग बसू देऊ, अशी अट कोणी घातली असती तर मला तो कधीच मिळाला नसता. तुमचा नियम नेमकी हीच अट घालतो.

भाषेच्या परीक्षेत ओघ बघावाच लागतो, असे तुम्ही म्हणाल. भाषेच्या परीक्षेत शब्दसंग्रह बघा, वाक्यरचना बघा, समोरच्याचे ऐकून त्याला धरून उत्तर दिले का ते बघा. परकी भाषा येत नसल्यामुळे चाचपडणे आणि अडखळणे यांतला फरक थोड्या प्रशिक्षणाने कोणत्याही परीक्षकाला ओळखता येतो, आणि मुलाने आधी सांगितले असेल तर ओळखायचीही गरज नाही. सगळ्यांना सारखा नियम हवा, हेही मला मान्य आहे. चष्मा लावणाऱ्या मुलाला चष्मा काढून पेपर लिहायला तुम्ही लावत नाही, कारण पेपर त्याच्या नजरेचा नसतो. तोंडी परीक्षाही जिभेच्या वेगाची नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

जिथे विषयाचे ज्ञान तपासायचे आहे तिथल्या गुणतक्त्यातून 'अस्खलित बोलणे' आणि 'आत्मविश्वास' हे रकाने काढून टाका. भाषेच्या परीक्षेत ते ठेवायचेच असतील, तर अडखळण्यामुळे होणारे थांबे आणि पुनरुक्ती त्यात मोजू नयेत, असे नियमातच छापा. परीक्षकाच्या मर्जीवर ते सोडू नका.

जादा वेळ एका अर्जावर मिळावा आणि तो शिक्षण संपेपर्यंत लागू राहावा. दर वर्षी नवे प्रमाणपत्र आणून एका अनोळखी माणसासमोर आपले अडखळणे सिद्ध करायला लावणे बंद करा.

परीक्षा कशी द्यायची याची निवड मुलाकडे ठेवा. कोणाला खोलीत एकच परीक्षक हवा असेल, कोणाला अवघड शब्द लिहून दाखवायची मुभा, कोणाला आधी ध्वनिमुद्रित केलेले उत्तर. कोणाला यातले काहीच नको असेल आणि सगळ्यांसारखे उभे राहून बोलायचे असेल, तर तेही द्या. तोंडी परीक्षेऐवजी लेखी परीक्षा परस्पर लादू नका. ते वगळणेच झाले. आपली पाळी कधी यावी हेही त्याला ठरवू द्या, कारण रांगेत वाट बघताना भीती वाढत जाते.

परीक्षकाच्या सूचनापत्रात चार ओळी घाला. नाव कागदावरून वाचा. शब्द पूर्ण करू नका, सल्ला देऊ नका. बोलणे संपेपर्यंत नेहमीसारखे बघत राहा. काय सोयीचे पडेल ते मुलाला आधी, एकट्याला विचारा.

लहान वर्गांच्या शिक्षकांना सांगा की 'मोठा झाला की जाईल' म्हणून पालकांना परत पाठवू नका. बऱ्याच मुलांचे जाते, पण कोणाचे जाईल हे अंदाजाने सांगता येत नाही. अडखळणे काही महिने टिकले, मूल बोलताना धडपडू लागले, बोलणे टाळू लागले किंवा घरात दुसरे कोणी अडखळत असेल, तर लगेच स्पीच थेरपिस्टकडे पाठवा. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सिडनीत विकसित झालेल्या लिडकोंब कार्यक्रमासारखे उपचार आहेत, जे थेरपिस्टच्या देखरेखीखाली आईवडील घरी करतात. त्या वयात मदत मिळणे आणि पुढे दहा वर्षांनी मिळणे यात फार अंतर आहे.

आणि माझ्या भाचीच्या अर्जाचा निर्णय फिरवा. तिची तोंडी परीक्षा पुन्हा घ्या, तिने मागितलेल्या वेळेसह. ज्यांनी अर्जच केला नाही, कारण उत्तर काय येणार हे त्यांना माहीत होते, त्यांनाही अर्ज करायला सांगा. तशी सूचना फलकावर लावा. 1998 पासून दर 22 ऑक्टोबरला अडखळण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय जागृती दिन पाळला जातो, आणि त्या दिवशी अनेक संस्था शुभेच्छांचे संदेश टाकतात. या वर्षी त्या दिवशी बदललेला गुणतक्ता जाहीर करा.

या पत्राचे उत्तर मला लेखी हवे आहे, आणि मुद्द्यांना धरून. काही मागण्या मान्य नसतील तर कोणत्या आणि का, ते लिहा. प्रत्यक्ष बोलायचे असेल तर मी आणि भाची दोघी यायला तयार आहोत. आम्हाला बोलायला वेळ लागेल, तेवढा हाताशी ठेवून बोलवा.

आपली,
एका विद्यार्थिनीची मावशी